छत्तीसच्या आकड्याचा माणूस

दोन माणसांचे पटेनासे झाले, की त्यांच्यात छत्तीसचा आकडा आहे असे आपण म्हणतो. ३ आणि ६ शेजारी शेजारी लिहून पाहा. एकमेकांकडे पाठ फिरवून बसलेली दोन रुसलेली माणसे दिसतील. पण याच छत्तीसची एक निराळी, मायेची आठवणही आपल्यापैकी अनेकांच्या घरात आहे. मुंज असो, बारसे असो, की मे महिन्यातली माथेरानची सहल; कॅमेऱ्यात रोल भरला, की घरातले कुणीतरी वडीलधारे बजावून सांगायचे, यात छत्तीसच फोटो निघतात, उगाच बटण दाबत बसू नका. मग हिशेब सुरू व्हायचा. आजीचा एक, नव्या जावईबापूंचे दोन, पंगतीचा एक. कार्य उरकल्यावर तीन-चार फोटो शिल्लक राहायचेच. ते संपवायला अंगणातली जास्वंद, शेजारच्यांचे बाळ, नाहीतर दारातली स्कूटर कामी यायची, आणि मगच रोल धुवायला जायचा. एखादा रोल दिलदार निघाला तर सदतिसावा फोटोही पदरात पडायचा. त्याचा आनंद काही औरच!

हे छत्तीस कुणी ठरवले? रोलवरच्या त्या चिमुकल्या चौकटीचे माप २४ बाय ३६ मिलिमीटर. म्हणजे तिथेही छत्तीस आहेच. तेही कुणी ठरवले? रोलचे दिवस सरले, पण आजच्या महागड्या डिजिटल कॅमेऱ्यांत ज्याला ‘फुल फ्रेम’ म्हणतात त्या सेन्सरचे माप अजून तेच आहे. एवढे जगभर रुजलेले हे माप कुठल्या सरकारी समितीने आखलेले नाही. ते बसवले दम्याने हैराण झालेल्या एका जर्मन कारागिराने. त्याचे नाव ऑस्कर बार्नाक.

बर्लिनच्या दक्षिणेला, ब्रांडेनबुर्ग प्रांतात लीनो नावाचे एक खेडे आहे. १ नोव्हेंबर १८७९ रोजी ऑस्करचा जन्म तिथे झाला. पुढे बार्नाक कुटुंब बर्लिनलगतच्या लिश्टरफेल्ड भागात राहायला आले. शाळा संपली तसा मुलगा कॉलेजात न जाता उमेदवारीला लागला. युलियुस लांपे नावाच्या एका यंत्रज्ञाच्या कर्मशाळेत आकाशनिरीक्षणाची उपकरणे बनत, तिथे. कानस चालवणे, पितळ घासणे, दातेरी चाक दुसऱ्या चाकात लोण्यासारखे फिरेपर्यंत हातावेगळे न करणे, हे त्याचे शिक्षण. पदवी त्याने आयुष्यात घेतली नाही. उमेदवारी संपलेल्या तरुणाने काही वर्षे गावोगाव हिंडून निरनिराळ्या उस्तादांच्या हाताखाली काम करायचे, ही त्या देशातली जुनी प्रथा. ऑस्करही तसा हिंडला आणि १९०२ च्या जानेवारीत येना या गावी कार्ल झाइसच्या प्रख्यात कारखान्यात दाखल झाला.

भिंगांच्या जगात येना म्हणजे पंढरी. झाइसचे मायक्रोस्कोप जगभरच्या प्रयोगशाळांत जात. कामगारांना आठ तासांचा दिवस या कारखान्याने १९०० सालीच दिला होता. १९०३ मध्ये बार्नाकचे लग्न झाले, संसार सुरू झाला. हाताला काम होते आणि पाठीशी नावाजलेली संस्था होती. साथ नव्हती ती फक्त छातीची. श्वास पुरायचा नाही. आणि अशा माणसाला छंद कुठला जडावा, तर रानावनात हिंडून निसर्गाची छायाचित्रे काढण्याचा.

त्या काळचा कॅमेरा म्हणजे काय प्रकरण होते, याची कल्पना आज यायची नाही. लाकडी पेटी, तिला हार्मोनियमच्या भात्यासारखा चामड्याचा भाता, खाली भक्कम तिपाई, डोक्यावरून घ्यायचे काळे फडके. फिल्म नाही, काचा. बार्नाकच्या कॅमेऱ्याला १३ बाय १८ सेंटिमीटरची, म्हणजे साधारण वहीच्या पानाएवढी काच लागे. एका खोबणीत दोन काचा, अशा सहा खोबणी. म्हणजे दिवसभराची पायपीट केली तरी फोटो बाराच. हे सगळे एका मोठ्या चामडी पेटीत घालून, फिरत्या विक्रेत्याने मालाचे नमुने वाहावेत तसे वाहत, थुरिंगियाच्या जंगलातल्या चढणी चढायच्या आणि दर वळणावर धापा टाकत बसायचे. आपल्या आठवणी पुढे १९३१ मध्ये लिहिताना बार्नाकने या चढणींचा उल्लेख केला आहे. साधारण १९०५ च्या सुमारास अशाच एका भटकंतीत त्याला वाटले, की एवढे ओझे कशाला? निगेटिव्ह लहान घ्यावी आणि फोटो नंतर मोठा करावा.

आज आपल्याला यात काही विशेष वाटणार नाही. पण त्या काळी फोटो जेवढा हवा तेवढीच काच कॅमेऱ्यात घालत आणि तिच्यावरून कागदावर ठसा उतरवावा तसा फोटो काढत. लहानाचा मोठा करणे हा अपवाद होता. बार्नाकने प्रयोग करून पाहिला. त्याच १३ बाय १८ च्या एका काचेवर त्याने पंधरा-वीस छोटे फोटो ओळीने घेतले आणि ते मोठे करून पाहिले. परिणाम अगदी वाईट! फोटोच्या लेपात चांदीच्या क्षारांचे कण असतात. चित्र मोठे केले, की ते कणही मोठे होतात आणि चेहऱ्यावर रवा पसरल्यासारखे दिसते. कल्पना बरोबर होती, पण तिला लागणारी बारीक कणांची सामग्री हाताशी नव्हती. कल्पना मनातच राहिली. दरम्यान वर्षे सरत होती आणि दम्यामुळे कामावर वरचेवर खाडे होत होते.

येनामध्ये एमिल मेखाऊ नावाचा त्याचा एक स्नेही होता. सिनेमाचे चित्र पडद्यावर लुकलुकू नये, अशा प्रोजेक्टरच्या मागे हा गृहस्थ लागला होता. मेखाऊ वेट्झलार या गावच्या लाइट्झ कारखान्यात गेला आणि तिथे त्याने बार्नाकचे नाव सुचवले. जानेवारी १९११ मध्ये बार्नाक वेट्झलारला आला. लान नदीकाठचे हे टुमदार गाव साहित्यप्रेमींना दुसऱ्या कारणाने ठाऊक असते. तरुण गटे १७७२ मध्ये इथे राहिला होता आणि इथल्याच प्रेमभंगातून त्याची ‘वेर्थर’ ही कादंबरी जन्मली. लाइट्झचा धंदाही मायक्रोस्कोपचाच. क्षयाच्या जंतूचा शोध लावणारे रॉबर्ट कॉख यांना या कारखान्याने १९०७ मध्ये आपला एक लाखावा मायक्रोस्कोप भेट दिला होता. बार्नाक इथे प्रायोगिक विभागाचा प्रमुख झाला. मुलाखतीतच खोकला ऐकून उमेदवाराला नारळ देणारे मालक आपण पाहिलेले असतात. लाइट्झ तसे नव्हते, हे छायाचित्रणाच्या इतिहासाचे भाग्यच म्हणायचे.

इथे सिनेमा बार्नाकच्या आयुष्यात आला. त्याने स्वतःसाठी ॲल्युमिनियमच्या पत्र्याचा एक सिनेमा कॅमेरा तयार केला आणि गावात चित्रण करू लागला. सिनेमाची फिल्म ३५ मिलिमीटर रुंद आणि दोन्ही कडांना भोके असलेली. ही फिल्म काचेवरच्या लेपापेक्षा बारीक कणांची होती. जंगलातली ती जुनी कल्पना पुन्हा जागी व्हायला एवढे पुरेसे होते. काही अभ्यासक म्हणतात, की सिनेमासाठी प्रकाश किती हवा हे आधी तपासून पाहावे म्हणून त्याने हे छोटे यंत्र बनवले. काही म्हणतात, पहिल्यापासून कॅमेराच करायचा होता. मला दुसरे म्हणणे पटते. आठ-नऊ वर्षे मनात घोळत असलेली गोष्ट माणूस असा अपघाताने बनवीत नाही.

सिनेमाच्या फिल्मवर एक चित्र १८ बाय २४ मिलिमीटरचे असते, कारण फिल्म उभी सरकते. बार्नाकने फिल्म आडवी सरकवली आणि दोन चित्रांची जागा एका चित्राला दिली. १८ ची दुप्पट ३६. झाली २४ बाय ३६ ची चौकट! फिल्मची लांबी साधारण दीड-पावणेदोन मीटर. तेवढीत छत्तीस चित्रे बसतात. दोन्ही हात पसरल्यावर जेवढी फिल्म मापली जाते तेवढी बार्नाकने घेतली, अशी एक दंतकथा आहे. खरी असो वा नसो, आपल्याकडे कापड हातावर मोजणाऱ्यांना ती पटायला हरकत नाही.

१९१४ च्या मार्चपर्यंत यंत्र तयार झाले. कामाच्या वहीत त्याने त्याला ‘लिलिपुट कॅमेरा’ म्हटले. गलिव्हरच्या गोष्टीतल्या अंगठ्याएवढ्या माणसांचे ते गाव! धातूची गोलसर टोकांची डबी, कोटाच्या खिशात मावणारी. पुढे मायक्रोस्कोपच्या घराण्यातलीच एक लेन्स. आत कापडी पडदा. त्यातली फट फिल्मसमोरून सर्रकन सरकते आणि तेवढ्या वेळात चित्र उमटते. यातली खरी करामत वरून दिसत नाही. वरचे एकच बटण फिरवले, की फिल्म पुढच्या चित्रावर जाते आणि पडद्याची चावीही भरली जाते. दोन कामे एका हालचालीत जोडलेली. म्हणजे एका चित्रावर चुकून दुसरे चित्र पडायला नको. विजेचा संबंध नाही, बॅटरी नाही. सगळा कारभार स्प्रिंग आणि दातेरी चाकांचा. एक खोट मात्र राहिली होती. चावी भरताना पडद्याची फट उघडीच मागे जायची, म्हणून दर वेळी लेन्सवर टोपी घालावी लागे. विसरलात तर चित्र गेले.

मालक एर्न्स्ट लाइट्झ दुसरे यांनी असा एक नमुना १९१४ मध्ये अमेरिकेच्या दौऱ्यावर नेला. बार्नाक स्वतः दुसरा नमुना घेऊन गावात फिरत असे. ऑगस्ट १९१४ मध्ये महायुद्ध पेटले. वेट्झलारच्या चौकात सैन्यभरतीचा हुकूम नुकताच चिकटवला गेला होता. तो लावणारा सैनिक आणि जमलेले लोक बार्नाकने टिपले. पाहून घ्यावे असे ते चित्र आहे. तिपाई लावून, काळे फडके ओढून, सर्वांना स्थिर उभे राहायला सांगून ते निघालेच नसते. १९२० मध्ये लान नदीला पूर आला आणि वेट्झलारच्या गल्ल्यांत पाणी शिरले, तेव्हाही हा दमेकरी गृहस्थ पाण्याच्या कडेकडेने हिंडून फोटो घेत होता. वार्ताचित्र म्हणून आज आपण जे रोज सकाळी पेपरात पाहतो, त्याची पहिली पावले या चित्रांत दिसतात. काढणारा मात्र बातमीदार नव्हता.

युद्धात दहा वर्षे वाहून गेली म्हटले तरी चालेल. जर्मनी हरली आणि मग महागाई अशी भडकली, की १९२३ च्या नोव्हेंबरात एका अमेरिकी डॉलरला ४.२ लाख कोटी मार्क मोजावे लागत. लोक पगार ढकलगाडीत घालून नेत आणि संध्याकाळपर्यंत त्याची किंमत पावाच्या लादीएवढीही उरत नसे. मायक्रोस्कोपना गिऱ्हाईक नव्हते. नाही म्हणायला कारखान्याने बार्नाकच्या कॅमेऱ्याचे पंचवीसच्या आसपास नमुने हाताने बनवून जाणकारांच्या हाती दिले होते. मते उलटसुलट आली. कुणाला यंत्र आवडले, पुष्कळांना ते खेळणे वाटले. एवढ्या टिकलीएवढ्या निगेटिव्हमधून धंदेवाईक छायाचित्रकार काय काढणार? दुकानदार कुठे ठेवणार? ही फिल्म धुणार कोण, मोठी करणार कोण? प्रश्न चुकीचे नव्हते. कॅमेऱ्याबरोबर फोटो मोठा करण्याचे यंत्र, फिल्म भरण्याच्या डब्या, सगळा प्रपंच नव्याने उभा करावा लागणार होता.

जून १९२४ मध्ये कारखान्यात बैठक बसली. ती तासन् तास चालली. बहुतेकांचा सूर नकाराचाच होता. शेवटी लाइट्झ यांनी धोका पत्करण्याचा निर्णय जाहीर केला आणि बैठक संपवली. आपल्या कसबी कामगारांना मंदीत काम मिळावे, हा त्यांचा एक हेतू होता. नाव काय ठेवायचे? लाइट्झचा ‘ले’ आणि कॅमेऱ्याचा ‘का’ घेऊन आधी ‘लेका’ ठरले होते. पण पॅरिसच्या एका कंपनीचा ‘एका’ नावाचा कॅमेरा बाजारात होता, घोटाळा नको म्हणून मध्ये एक अक्षर घालून ‘लायका’ केले. आपल्या दृष्टीने बरेच झाले. कुणी पाहुण्यांसमोर आपला ‘लेका’ मागितला असता, तर काय प्रसंग आला असता! १९५७ मध्ये रशियाने अवकाशात धाडलेल्या लायका कुत्रीचा मात्र या नावाशी संबंध नाही.

कुत्र्याचा संबंध येतो तो दुसरीकडून. बार्नाकच्या डबीला डोळा दिला तो माक्स बेरेक या शास्त्रज्ञाने. बेरेक विद्यापीठातून शिकून आलेला गणिती, बार्नाक कानस घासून वर आलेला कारागीर. पण दोघांची जोडी जमली. चिमुकल्या निगेटिव्हचा फोटो दहापट मोठा करायचा, तर लेन्समध्ये तसूभरही खोट चालणार नव्हती. बेरेकने संगणक नसलेल्या काळात कागदावर आकडेमोड करून ५० मिलिमीटरची लेन्स आखली. तिचे नाव ‘एल्मॅक्स’. त्यात लाइट्झच्या नावाची अक्षरे आणि बेरेकचा ‘माक्स’ होता. पुढे ती सोपी झाली आणि ‘एल्मार’ म्हणून जगभर गाजली. त्याच्या आणखी एका लेन्सचे नाव ‘हेक्टर’. ट्रॉयचा तो वीर योद्धा म्हणून आपण मान डोलावतो, पण बेरेकच्या घरच्या कुत्र्याचे नाव हेक्टर होते, असे लायकाची माहिती असणारे सांगतात.

१ मार्च १९२५ रोजी सुरू झालेल्या लाइपझिगच्या वसंत जत्रेत लायका लोकांपुढे आला. टोपी घालण्याची कटकट संपली होती, पडदा सेकंदाच्या पाचशेव्या भागापर्यंत वेग गाठत होता. विक्री सावकाश सुरू झाली आणि मग वाढतच गेली. बार्नाक पंचेचाळिशी ओलांडून गेला होता.

पण एकाच ५० च्या लेन्सवर सगळे भागत नाही, हे घरच्या समारंभात फोटो काढणाऱ्याला सांगायला नको. वाड्यातल्या माजघरात पंगत बसली आहे आणि तुम्हाला ती सगळी हवी आहे. तुम्ही एक पाऊल मागे सरकता, दोन सरकता, आणि पाठ भिंतीला टेकते. आता काय करणार? तीन मीटरवरून ५० ची लेन्स दोन मीटरहून जेमतेम थोडी जास्त रुंदी घेते. म्हणजे फार तर तीन-चार पाने. तिच्याऐवजी ३५ मिलिमीटरची लेन्स लावली, तर त्याच जागेवरून तीन मीटरहून अधिक रुंदी येते, आणखी एक-दोन काका पंगतीत सामावतात. लेन्सचे हे माप जितके लहान, तितकी तिची नजर रुंद. यालाच वाइड अँगल म्हणतात. भिंत मागे सरकवता येत नाही, तर नजर रुंद करायची, एवढाच त्याचा अर्थ.

१९३० मध्ये लायकाची लेन्स फिरवून काढता येऊ लागली आणि ५० च्या जोडीला ३५ मिलिमीटरची वाइड अँगल एल्मार आली. लांबचे जवळ आणणारी १३५ ची लेन्सही आली. सांगायला सोपे, पण करायला जिकिरीचे. लेन्सच्या बैठकीपासून फिल्मपर्यंतचे अंतर केसाएवढे चुकले तरी चित्र धूसर येते. सुरुवातीला त्यामुळे प्रत्येक लेन्स त्या त्या कॅमेऱ्याला जुळवून देत, तिच्यावर त्याच कॅमेऱ्याचा क्रमांक टाकत. एकाची लेन्स दुसऱ्याला चालायची नाही, जशी एकाची कवळी दुसऱ्याला बसत नाही. पुढच्याच वर्षी हे अंतर सर्व कॅमेऱ्यांसाठी २८.८ मिलिमीटर असे पक्के करण्यात आले. मग कुठलीही लेन्स कुठल्याही लायकावर बसू लागली.

ही जुनी ३५ ची एल्मार मी एकदा हातात घेतली आहे. मुंबईत फोर्टातल्या एका जुन्या दुकानात कॅमेरे दुरुस्त करणारे एक वृद्ध गृहस्थ बसत. त्यांच्या काचेच्या कपाटात तिसऱ्या पिढीतला लायका होता आणि त्याला ही लेन्स लावलेली. लेन्स केवढी? सातारी कंदी पेढ्याएवढी! पुढच्या तोंडाशीच छिद्र लहानमोठे करण्याची बारीक कडी. त्यांनी छिद्र आठवर आणले, अंतर पाच मीटरवर ठेवले आणि म्हणाले, की आता अडीच मीटरच्या पुढचे सगळे जग स्पष्ट येईल, तुम्ही फक्त बटण दाबा. मी दाबले. आवाज झाला तो कुणी जवळच बसून हलकेच जीभ टाळ्याला लावावी एवढाच. घरी येऊन गणित करून पाहिले, म्हाताऱ्याचे अंतर अचूक होते.

वाइड अँगलचे खरे मर्म या अंतरात आहे. माणूस नुसता रुंद दिसतो म्हणून नव्हे, तर फोकस जुळवत बसण्याची गरज कमी होते म्हणून रस्त्यावर फोटो काढणाऱ्यांनी ती उचलून धरली. गर्दीत शिरायचे, डोळ्याला कॅमेरा लावायचा, काम झाले, की खाली. मात्र तिच्याशी जपून वागावे लागते. जवळची वस्तू ती अवाच्या सवा मोठी करते. अगदी तोंडाजवळ धरून कुणाचा फोटो काढलात, तर नाक पुढे आणि कान मागे पळतात, आणि मग वधूपक्षाचा रोष ओढवतो.

स्पर्धा यायचीच होती. ती आली बार्नाकच्या जुन्या घराण्यातूनच. १९३२ मध्ये झाइस कुळातल्या कंपनीने ‘कॉन्टॅक्स’ हा तगडा प्रतिस्पर्धी उतरवला. त्याच वर्षी लायकाच्या दुसऱ्या पिढीत दोन प्रतिमा एकमेकींवर आणून अंतर जुळवण्याची सोय आली. पुढच्या वर्षी तिसऱ्या पिढीत पूर्ण एक सेकंदापर्यंतचे सावकाश वेग आले. दहा मीटर फिल्म मावणारा, अडीचशे फोटोंचा लायकाही निघाला. छत्तीसचा आकडा ज्यांना पुरत नव्हता, त्यांच्यासाठी!

एव्हाना कॅमेरा निर्मात्याच्या हातून केव्हाच निघून गेला होता. १९३२ च्या नोव्हेंबरात कोपनहेगनमध्ये ट्रॉट्स्कीचे भाषण झाले, तेव्हा मोठ्या पेट्या घेऊन आलेल्या छायाचित्रकारांना दारातूनच परत पाठवण्यात आले. पुढे रॉबर्ट कापा म्हणून गाजलेला एकोणीस वर्षांचा पोरगा खिशात लायका घालून आत शिरला आणि चित्रे घेऊन आला. त्याच वर्षी मार्सेमध्ये हेन्री कार्तिए-ब्रेसाँ या तरुणाने लायका विकत घेतला. हाच ब्रेसाँ ३० जानेवारी १९४८ रोजी दिल्लीत गांधीजींना भेटून बाहेर पडला आणि थोड्याच वेळात त्यांच्या हत्येची वार्ता आली. बिर्ला भवनाच्या फाटकावर चढून रडत्या जमावाला गांधीहत्येची बातमी सांगणारे नेहरू आपण ज्या चित्रात पाहतो, ते ब्रेसाँचे आहे. थुरिंगियाच्या चढणीवर धाप लागून बसलेल्या माणसाचे आपल्यावरही असे ऋण आहे.

खिशात मावणारे यंत्र कुणाच्या खिशात जाईल हे मात्र बनवणाऱ्याच्या हाती नसते. १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला आणि लायका नाझींच्या प्रचारखात्याच्याही कामी आला. त्याच वेळी त्याच कारखान्याचे मालक लाइट्झ आपल्या ज्यू कामगारांना आणि परिचितांना नोकरीच्या निमित्ताने देशाबाहेर, मुख्यतः अमेरिकेत पाठवत होते. या गोष्टीचा त्यांनी हयातीत कधी गाजावाजा केला नाही.

बार्नाक या सगळ्यात कुठे होता? फोटोत दिसतो तो बारीक अंगाचा, टक्कल पडलेला, कामाच्या टेबलावर वाकलेला माणूस. सुधारणा चालूच होत्या. घरी बायको, दोन मुले. त्यांचे फोटो तो आपल्या कॅमेऱ्याने काढत असे. छाती मात्र हार खात होती. १९३५ मध्ये २८ मिलिमीटरची हेक्टर लेन्स आली, ३५ हूनही रुंद नजरेची. पंगतीतली आणखी पाने घेणारी ती लेन्स त्याच्या कॅमेऱ्यासाठी निघालेली त्याच्या हयातीतली सर्वांत रुंद लेन्स ठरली. १६ जानेवारी १९३६ रोजी वयाच्या ५६ व्या वर्षी ऑस्कर बार्नाक गेला.

त्याच वर्षी स्पेनमध्ये यादवी युद्ध भडकले आणि कापाचा लायका तिथे पोचला. त्याच वर्षी जपानमध्ये ‘कॅनन’चा पहिला कॅमेरा विक्रीस आला. गोरो योशिदा नावाच्या तरुणाने लायका खोलून, त्याचा एकेक भाग पाहून, त्यात असे काय सोने भरले आहे याचा शोध घेतला होता. आपल्या पहिल्या नमुन्याला त्याने ‘क्वॅनॉन’ नाव दिले. क्वॅनॉन म्हणजे जपानी करुणादेवता, म्हणजेच आपला अवलोकितेश्वर; अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात हातात कमळ घेऊन उभा आहे तो. रशियात तर त्याआधीच, १९३४ पासून, खारकोवच्या कम्युनमध्ये अनाथ मुले लायकाची हुबेहूब नक्कल बनवत होती. हे कम्यून माकारेंकोंचे; सोव्हिएत पुस्तकांच्या फिरत्या गाड्यांवरून स्वस्तात पुस्तके घेणाऱ्या पिढीला त्यांचे नाव आठवेल.

लायकाच्या अगदी पहिल्या, हाताने बनवलेल्या नमुन्यांपैकी १०५ क्रमांकाचा कॅमेरा बार्नाकने स्वतःसाठी ठेवला होता. त्याच्या डोकावण्याच्या भिंगावर वरच्या बाजूला त्याचे नाव कोरलेले आहे. १९३० पर्यंत तो हा कॅमेरा वापरत होता. घरच्यांचे फोटो त्याने यावर काढले आणि मग तो मुलाच्या हाती दिला. १९६० मध्ये मुलाने तो एका अमेरिकी संग्राहकाला विकला. जून २०२२ मध्ये जर्मनीत तो लिलावाला निघाला आणि सगळी आकारणी धरून एक कोटी ४४ लाख युरोला गेला. तोवर एवढी किंमत जगात कुठल्याही कॅमेऱ्याला आली नव्हती. टोपीची खोट या १०५ मध्ये अजून आहे. ज्याने तो घेतला, त्याला आजही चावी भरण्याआधी लेन्सवर टोपी घालावी लागेल.